बशीला लिव्हर नसतं

देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी तो स्वतः खाऊन बघणारा माणूस अख्ख्या सातारा-सांगली भागात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा याला मी काय करू? एका गणपतीत हे आमच्या साताऱ्याच्या घरी आले होते. आरतीची तयारी झालेली, माझी बायको सुमन मोदकांचं ताट घेऊन निघालेली, आणि स्वयंपाकघराच्या दारातच साडूंनी ताटातला एक मोदक उचलला, तोंडात टाकला आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. हे शांतपणे म्हणाले, "थोडी थांब. मला काही झालं नाही, की मग दाखव देवाला." त्या दिवशी आमच्याकडे पुन्हा उकड काढली गेली, आरती दुपारी झाली आणि भुकेने पोरं रडायला लागली. साडू मात्र कोपऱ्यात बसून, आपण काय केलं हे न कळल्यासारखे, टाळ पुसत होते.

बरं, हावरा म्हणावं तर माणूस खायचा चिमणीएवढं. पण जे दुसऱ्याच्या पोटात घालायचं ते आधी आपल्या पोटात गेलं पाहिजे, हा त्यांचा धर्म होता. आमच्या मुलाला खोकल्याचं औषध द्यायचं झालं की पहिला चमचा हे घेणार. मी साताऱ्याहून कंदी पेढे नेले की पहिला पेढा हे खाणार आणि बाकीच्यांनी पुडा समोर ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं. चहाचं तर विचारू नका. सांगलीला त्यांच्याकडे गेलं की प्रत्येक कपातला एकेक घोट घेऊन, थोडं थांबून, मग ते कप पुढे सरकवायचे. सुमन उष्ट्या-खरकट्याच्या बाबतीत आमच्या सासूबाईंच्या वर. ती तो कप तसाच मोरीत ओतायची आणि आत जाऊन स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायची. तिची थोरली बहीण, म्हणजे साडूंची बायको, आमची अक्का, पदर तोंडाला लावून हसत राहायची. अक्का मात्र तो उष्टा चहा लग्न झाल्यापासून पीत आली होती. तिला विचारलं तर म्हणायची, "मला गार चहाची सवय झालीय गं."

साडू शिकलेले होते रसायनशास्त्र, तेही डॉक्टरेटपर्यंत. पण त्यांच्याकडे बघून कुणी तसं म्हटलं नसतं, कारण छातीवर रुळणारी दाढी. ही दाढी म्हणजे आमच्या सासरचं कायमचं दुखणं. थोरले मेहुणे बापू, म्हणजे सुमनचे भाऊ, आपल्या मुलीच्या लग्नात हात जोडून म्हणाले, "अहो, वरपक्ष विचारतोय, हे महाराज कुठल्या मठाचे? एवढे दोन दिवस तरी दाढी उतरवा." साडू म्हणाले, "ती माझी नाही, कामाची आहे." मग भर मांडवात त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. प्रयोगशाळेत नवा पदार्थ तयार झाला की तो बरेचदा डिंकासारखा चिकट निघतो, त्याचे खडे बनता बनत नाहीत, आणि खडे झाल्याशिवाय तो शुद्ध होत नाही. त्यात एखादा बारीक कण पडला तर त्याच्याभोवती खडे धरतात. ज्याने आयुष्यभर हे काम केलं त्याच्या दाढीत असे कण साठलेले असतात, म्हणून जुने रसायनवाले अडलं की भांड्यावर दाढी झटकायचे. वरपक्षातल्या एका म्हाताऱ्याने हे ऐकून आपलं पान निमूटपणे त्यांच्यापासून दूर सरकवलं.

पूर्वी ते मुंबईत एका मोठ्या औषध कंपनीच्या संशोधन विभागात होते. संशोधन म्हणजे काय, तर परदेशात कुणीतरी औषध शोधायचं आणि आपण तेच वेगळ्या वाटेने स्वस्तात बनवायचं. तेव्हा कायद्याने ते चालत होतं. साडूंच्या डोक्यात मात्र कॅन्सरवरचं नवंकोरं औषध. ते साहेबाकडे गेले, तर साहेब म्हणाला, "नवं शोधायला लागतात वर्षं, आणि निघत काहीच नाही. तुम्हाला पगार पोचतो ना वेळेवर?" त्या साहेबाचं पुढे खूप भलं झालं, जाहिरातीत कंपनीच्या नावाखाली 'संशोधन हाच आमचा ध्यास' असं छापून येतं ते मी बघतो आणि पेपर घडी करून ठेवून देतो. साडूंनी राजीनामा टाकला आणि एक्याण्णव साली अक्काला घेऊन सांगलीला आले. विश्रामबागेत भाड्याचं घर, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची एक शेड. शेडमध्ये पोटापाण्यासाठी दुसऱ्या कारखान्यांना लागणारी कसलीशी पिवळी भुकटी बनायची, आणि मागच्या कोपऱ्यात काचेच्या नळ्या लावून यांचा तो नवाकोरा उद्योग. हाताखाली मूळचा पाटणकडचा शंकर, लुनावरून कामाला यायचा. त्याला विचारलं, साहेब काय करतात रे मागे? तर म्हणायचा, "काय की वो. डिंक करत्यात आन् टाकून देत्यात. लय मन लावून टाकून देत्यात."

ते नक्की काय करतात हे मला कळलं त्याची किंमत माझ्या घराच्या घंटीने मोजली. माझं साताऱ्यात पाण्याच्या मोटारींचं दुकान, रसायनाचं मला काय कळणार? साडू म्हणाले, "साडूबुवा, तुमच्या दारावरचं घंटीचं बटण बघा. बाहेरून कुणी दाबलं की आत निरोप जातो, पाहुणा आलाय. पेशीलाही अशी बटणं असतात. दाबली की आत निरोप जातो, वाढ. काम झालं की बटण सुटतं. कॅन्सरमध्ये ते दाबलेलंच अडकून बसतं. बाहेर काळं कुत्रं नाही आणि आत घंटा वाजतेच आहे. पेशी वाढतेय, वाढतेय, वाढतेच आहे. आजवरची औषधं काय करतात? घर पाडतात. घंटा बंद होते, पण घरातली माणसंही जातात. मी काय करणार, पेशीत शिरून बटणाच्या आतल्या फटीत एक काडी घालणार." असं म्हणून त्यांनी खरंच काडेपेटीतली काडी मोडून आमच्या घंटीच्या बटणात खुपसली. काडी बारीक का, तर मोठी असली की दारातच अडकेल, पेशीच्या आत जायचीच नाही. आणि मापाची का, तर शरीरात अशी शेकडो बटणं एकासारखी एक, भलत्याच बटणात काडी गेली तर चांगला चालता माणूस बंद पडेल. मी मान डोलावली. काडी निघेना. आठवडाभर गॅसवाला मुकं बटण दाबून दाबून परत गेला आणि सुमनने चुलीवर स्वयंपाक करत भाऊजींचा उद्धार केला.

आणि मग अक्काच आजारी पडली. नियतीला विनोद करायचा होता म्हणतात ना लोक, मला असल्या नियतीला चार शिव्या द्याव्याशा वाटतात. पोटात डावीकडे जडपणा, सारखा थकवा, म्हणून रक्त तपासलं, तर रक्ताचा कॅन्सर. आणि तोही नेमका साडू ज्याच्या मागे होते तो, अडकलेल्या बटणाचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, यावर काही वर्षं बरी जातील, मग एक दिवस आजार उलटेल, आणि उलटला की हातात राहणार नाही. हाडातली मज्जा बदलायचा एक उपाय होता, त्यासाठी बापूंचं आणि सुमनचं रक्त तपासलं. दोघांचंही जुळलं नाही. सुमन त्या दिवशी एसटीत सांगलीपासून साताऱ्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली होती. अक्काला मूलबाळ नव्हतं, सुमनला तिनेच वाढवलेलं. आता जे काय व्हायचं ते भाऊजींच्या त्या कोपऱ्यातून, असं आम्ही सगळ्यांनी मनात धरलं. ज्या दाढीला आम्ही हसायचो तिच्यावरच आमचा सगळा भरवसा येऊन बसला.

साडू कामाला जुंपले ते जुंपलेच. पिवळ्या भुकटीची गिऱ्हाइकं तुटली. जेवायला घरी येईनात, तर अक्काच डबा घेऊन रिक्षाने कुपवाडला जायची, शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि आत डिंक होत असताना शेंगा सोलायची. मी एकदा मोटारीचे सुटे भाग घ्यायला कुपवाडला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. साडू एका चंबूसमोर उभे. आत गुळाच्या काकवीसारखं काहीतरी. काचेच्या कांडीने आतून खरडून झालं, बर्फात ठेवून झालं, काकवी ती काकवी. शेवटी अक्का दारातून म्हणाली, "अहो, एवढी पोसलीय ती कशासाठी?" साडू लाजले. मग चंबूवर वाकून, आम्हा सगळ्यांदेखत, त्यांनी बायकोच्या कंगव्याने दाढी विंचरली. आमची हसून हसून पुरेवाट. दाढीत कण होते, का नुसती वेळ आली होती, देव जाणे, पण चहा पिऊन येतोय तर शंकर ओरडत आला, "सायेब, खडं धरलं! आवं, खडीसाखर झाली बगा नुसती!" साडू धावले. अक्काच्या मांडीवरच्या शेंगा भुईवर सांडल्या. त्या दिवसाइतकं हसताना मी तिला पुन्हा कधी बघितलं नाही.

मुंबईला एका संस्थेत साडूंचा जुना सोबती होता. त्याने ते खडे याच कॅन्सरच्या पेशींवर घालून पाहिले. पेशी काचेच्या बशीत वाढवतात. फोन आला, की पेशी मेल्या, आणि शेजारच्या बशीतल्या चांगल्या पेशी जगल्या. बापूंनी साताऱ्यात पेढे वाटले. सांगलीला सगळे जमलो आणि बापू म्हणाले, "मग कधी सुरू करायचं?" साडू म्हणाले, "काय सुरू करायचं?" "अहो, अक्काचं औषध!" तर हे म्हणाले, "बशीत पेशी मेल्यात. बशीत रॉकेल ओतलं तरी पेशी मरतात. बशीला लिव्हर नसतं, बापू. माणसाला असतं. आधी उंदीर, मग मोठं जनावर, मग माणूस. आणि ही काडी पाण्यात विरघळत नाही अजून, पोटातून रक्तात जाणार कशी?" बापूंचा पारा चढला. सुमन रडायला लागली, "भाऊजी, तिच्याकडे एवढे दिवस आहेत का?" शेवटी बापू नको ते बोलले, "स्वतःच्या बायकोला देत नाही, म्हणजे औषधच खोटं. नाहीतर माणूस तरी." अक्का आत कॉटवर पडून सगळं ऐकत होती. सुमन तिच्याकडे जाऊन म्हणाली, अक्का, तू माग, तू मागितलंस तर देतील. तर ती बया हसली. म्हणाली, "अगं, ह्यांनी जन्मात मला कधी आपल्या आधी काही खाऊ दिलंय का?" आम्हाला वाटलं, बिचारी नवऱ्याला टोमणा मारतेय.

उंदरांची सोय काही होईना. ज्या संस्थेकडे उंदीर होते तिथले साहेब म्हणाले, पत्र्याच्या शेडमधला माल आम्ही घेत नाही. पावसाळा लागला. साडूंचं एक नवंच सुरू झालं, तूप. चिमणीएवढं खाणारा माणूस सकाळ-संध्याकाळ वाटीने तूप प्यायला लागला. शंकरसुद्धा म्हणाला, "सायबास्नी तुपाचं याड लागलंय वो. डबाच आणून ठिवलाय मागं. आन् दार लावून खात्यात." ही बातमी साताऱ्याला पोचली आणि आमच्या घरात स्फोट झाला. बायको तिकडे मरणाच्या वाटेवर आणि हा दार लावून तूप ओरपतो! सुमनने त्या दिवसापासून त्यांचं नाव टाकलं. मी एकदा भेटलो तेव्हा त्यांचे डोळे पिवळसर दिसले. मी म्हटलं, सांगलीत राहून हळदीचे झालात की काय? तर हसले, आणि उठून आत गेले.

दिवाळीच्या सुमाराला अक्काचा आजार उलटला आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच, बघता बघता, तिला घेऊन गेला. साडूंनी औषध दिलं नाही ते नाहीच.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर आम्ही जमलो. क्रिया साडूंनीच करायची होती. न्हावी वस्तरा घेऊन पुढे आला तेव्हा बापू माझ्या कानात म्हणाले, बघा आता नाटक, दाढी देतोय का ते. साडू मान खाली घालून बसले. बापूंच्या लेकीच्या लग्नात, हातापाया पडून, जी उतरली नाही ती दाढी घाटाच्या पायरीवर पडली, आणि तिच्याखालचा चेहरा आम्ही कित्येक वर्षांनी पाहिला. गालफडं बसलेली, कातडी पिवळीजर्द. घाटावर कुजबूज झाली ती मीही ऐकली: "पितोय वाटतं. लिव्हर गेलंय बघा." मग गुरुजींनी पिंड हातात दिला. साडूंचा हात सवयीने तोंडाकडे निघाला. अर्ध्यातून हात खाली आला आणि पिंड दर्भावर ठेवला गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अक्काला न चाखता काही दिलं होतं. तेवढ्यात सुमन सगळ्यांदेखत म्हणाली, "पिंड बरा दिलात भाऊजी. औषध नाही दिलंत ते." साडूंनी तिच्याकडे पाहिलं आणि नदीकडे तोंड केलं. कावळा कितीतरी वेळ आला नाही. आला तोही पिंडाशी बसून राहिला, शिवायला तयार नाही, आणि बापू घाटावर उभे राहून त्याला विनवण्या करत राहिले.

त्यानंतर शेड बंद झाली. साडू विश्रामबागेत पोरांच्या शिकवण्या घ्यायला लागले. दाढी पुन्हा वाढवली नाही. आमचं जाणं-येणं तुटलं. कुठे लग्नकार्यात दिसले तर सुमन पंगत बदलून बसायची. वर्षं गेली.

दशक संपता संपता एके दिवशी पेपरात बातमी आली. परदेशात एक गोळी निघालीय, नेमकी याच रक्ताच्या कॅन्सरवर, बटण बंद करणारी. माणसांवर चाचण्या चालल्यात आणि माणसं अंथरुणातून उठून बसतायत. सुमनने बातमी वाचली, पेपर घडी करून पिशवीत घातला आणि मला म्हणाली, "सांगलीला चला." वाटेत कराड जाईपर्यंत तिने ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. मला भीती, आता ही तिथे जाऊन त्यांना फाडून खाणार.

साडूंनी दार उघडलं. घरात अक्काच्या वेळची कॉट तशीच. सुमनने पेपर त्यांच्यासमोर टाकला. "निघाली म्हणे गोळी."

"मला कळलं होतं," साडू म्हणाले. "बरं झालं. फार चांगलं काम आहे. त्यांनी तिला एक शेपूट जोडलंय, त्यामुळे पाण्यात विरघळते. माझी विरघळेना."

"तुमची होती तशीच ना ती? त्याच बटणाची?"

"बटण तेच. पण माझी काडी भलत्या बटणांतही जात होती."

"हे तुम्हाला कसं कळलं?" सुमनचा आवाज चढला. "उंदरांना तर दिली नव्हतीत. जनावराला दिली नव्हतीत. कुणालाच दिली नव्हतीत, माझ्या बहिणीला सुद्धा! मग कळलं कसं?"

साडू उठले. आत गेले. स्टोव्हचा आवाज आला, चहाचं आधण उकळलं. तीन कप घेऊन आले, खाली ठेवले आणि खुर्चीत बसून शर्टाच्या बाहीने चष्मा पुसत राहिले.

"पाण्यात विरघळत नव्हती," ते म्हणाले, "तुपात विरघळायची. पावसाळाभर घेतली. थोडी थोडी वाढवत. श्रावणात डोळे पिवळे झाले. तरी म्हटलं, बघू, कमी करून बघू. कमी केल्यावरही तेच. बशीला लिव्हर नसतं, सुमे. मला होतं."

सुमन अगदी लहान आवाजात म्हणाली, "अक्काला माहीत होतं?"

"तिने तुपाचा वास ओळखला. मला शपथ घातली, थांबवा म्हणून. मी म्हटलं, तुला देण्यासारखी आहे का बघू तरी दे. तुम्हा सगळ्यांना सांगितलं असतं, तर बांधून ठेवलं असतंत मला. नाहीतर तिला द्यायला लावली असती. तिचं लिव्हर आधीच सुजलेलं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "देण्यासारखी नव्हती गं. असती तर दिली नसती का?"

जो माणूस देवालासुद्धा आधी चाखल्याशिवाय काही देत नव्हता, तो स्वतःच्या बायकोला तशीच देईल, हे आमच्या अख्ख्या गोतावळ्याला वाटलं कसं, कोण जाणे. बापू आता नाहीत. घाटावर कुजबुजलेले लोक आपापल्या घरी सुखात आहेत, आणि त्या गोळीच्या किमतीचा आकडा ऐकून मुंबईच्या त्या कंपनीचे साहेब म्हणे म्हणतायत, आपणही बनवू, वेगळ्या वाटेने.

साडूंनी पहिला कप उचलला, एक घोट घेतला आणि ठेवला. दुसऱ्यातला घेतला. तिसऱ्यातला घेतला आणि जुन्या सवयीने घड्याळाकडे बघत बसले. मी सुमनकडे पाहिलं. आता ती उठणार, मोरीत ओतणार. साडूंनी मान डोलावली आणि तो कप तिच्यापुढे सरकवला. तो चहा एव्हाना पार निवला होता. सुमनने तो दोन्ही हातांत धरला आणि घोट घोट करत, एक थेंब न ठेवता, सगळा प्यायली.